बाबांना गुडवूडला नेऊ का?

प्रश्न: दादा, नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, गाड्यांचं वेड लहानपणापासून. गुडवूडच्या फेस्टिव्हल ऑफ स्पीडला (जुन्यानव्या रेसिंग गाड्या चढाच्या रस्त्यावर पळवतात तो उन्हाळ्यातला मेळावा) पहिल्यांदा २००९ ला गेलो आणि अक्षरशः वेडा होऊन परत आलो. नंतर चारपाच वेळा गेलो पण दर वेळी मजा थोडी थोडी कमीच होत गेली. २०२२ ला दिवसभर लोकांच्या पाठी आणि वर धरलेले मोबाइल बघितले, २०२३ ला शनिवारचं तिकीट होतं तर वाऱ्यामुळे अख्खा दिवसच रद्द झाला, त्यानंतर गेलोच नाही. आता या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, तेहतीस वर्षं. आता वय ७१, गुडघे दुखतात. त्यांना न्यावंसं फार वाटतंय. बायको म्हणते युट्यूबवर सगळं फुकट लाइव्ह दिसतं, त्या पैशात त्यांना स्कॉटलंड दाखवू. मित्र म्हणतात गुडवूड म्हणजे आता नुसती कंपन्यांची जाहिरात. खरंच जाण्यासारखं राहिलंय का?

उत्तर:

जा. बाबांना घेऊन जा. पण तू २००९ ला गेलास तसा जाऊ नकोस, आणि शनिवारी तर अजिबात नको.

तुझ्या पत्रात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि तू ते एकात एक घालून विचारलेयस. एक म्हणजे तुझ्यासाठी गुडवूडमध्ये काही उरलंय का, आणि दुसरा म्हणजे बाबांसाठी तिथे काही आहे का. दोन्हींची उत्तरं माझ्या मते वेगळी आहेत, म्हणून आधी तुझं बघू.

तुझे मित्र निम्मे बरोबर आहेत. जाहिरात वाढलीय यात काही वादच नाही, आत शिरल्यावर मोठमोठ्या कंपन्यांचे दुमजली स्टँड, रांगा, लकी ड्रॉ, हे सगळं आहे. पण हे असं का झालं ते बघ. लंडनचा ब्रिटिश मोटर शो २००८ नंतर बंद पडला, आणि गाडी विकणाऱ्या कंपन्यांना नवीन मॉडेल लोकांसमोर आणायला या देशात मोठी जागाच राहिली नाही. गुडवूडने २०१० ला गुरुवारचा दिवस जोडून मूव्हिंग मोटर शो, म्हणजे नव्या गाड्या नुसत्या उभ्या न ठेवता चालवून दाखवायच्या, तो सुरू केला आणि ती सगळी गर्दी तिकडे आली. म्हणजे तू ज्या वर्षी पहिल्यांदा गेलास ते जुन्या पद्धतीचं जवळजवळ शेवटचं वर्ष होतं. तुला जे आठवतंय ते खरंच तसं होतं, तुझ्या मनाचा खेळ नाही तो. आणि ते तसं परत मिळणार नाही, हे आधी मान्य करून टाक, नाहीतर बाबांबरोबर फिरताना दर दहा मिनिटांनी तू "पूर्वी इथे असं नव्हतं" म्हणत राहशील आणि त्यांचाही दिवस घालवशील.

मुळात हा सगळा प्रकार सुरू झाला तो जागा नव्हती म्हणून. गुडवूडचं जे खरं सर्किट, युद्धातल्या विमानतळाच्या कडेकडेच्या रस्त्यावर १९४८ ला सुरू झालेलं, ते १९६६ ला रेसिंगला बंद झालं. नंतर इस्टेट ज्यांच्या हातात आली त्या लॉर्ड मार्चना, म्हणजे आत्ताचे ड्यूक ऑफ रिचमंड, त्यांना तिथे परत रेस करायची होती पण परवानगीचं घोडं अडलेलं होतं, तर त्यांनी १९९३ ला स्वतःच्या घरासमोरच्या रस्त्यावरच गाड्या पळवल्या. त्यांच्या आजोबांनी १९३६ ला तिथे एक छोटीशी हिलक्लाइंब, म्हणजे चढावर एकेक गाडी वेळ लावून पळवायची स्पर्धा, घेतली होती, तीच कल्पना. थोडे लोक येतील असं वाटलं होतं, आले पंचवीस हजार. आता चार दिवसांत दोन लाखांच्या आसपास येतात. रस्ता मात्र तेवढाच आहे रे, १.१६ मैल, दोन्ही बाजूला पेंढ्याचे गठ्ठे, वर मोलकोम्बचं वळण आणि पुढे ती चकमकीच्या दगडांची भिंत. दोन लाख लोकांना घराच्या रस्त्याकडेला उभं केलं तर पाठी दिसणारच.

म्हणून वेगाच्या बाबतीत तुझी बायको बरोबर आहे, शंभर टक्के. मॅक्मर्ट्री स्पिअरलिंग, ती छोटी इलेक्ट्रिक गाडी जी पंख्याने खालची हवा ओढून स्वतःला रस्त्याला चिकटवून घेते, तिने २०२२ ला ३९.०८ सेकंदात चढ पार केला. तू त्याच वर्षी गेला होतास. तुला तुझ्या जागेवरून ती किती वेळ दिसली असेल? दोन सेकंद? स्क्रीनवर सुरुवातीपासून वरपर्यंत सगळं दिसतं, मोलकोम्बला ती वळली कशी ते दिसतं, आतला कॅमेरा दिसतो. नुसतं कोण किती जोरात गेलं एवढंच बघायचं असेल तर घरी बस, चहा घे, आरामात बघ, मी हे मनापासून सांगतोय.

आणि फॉर्म्युला वनच्या गाड्या तिथे नुसत्या टायर जाळून धूर काढतात अशी जी तक्रार असते ना, बहुतेक तुझ्या मित्रांचीही असेल, त्याचंही कारण आहे. १९९९ ला निक हाइडफेल्ड मॅक्लारेनमधून ४१.६ सेकंदात वर गेला होता, तो आकडा पुढे वीस वर्षं टिकला. पण २००० साली तिथे अपघात झाला, एक ड्रायव्हर आणि एक मार्शल (रस्त्याकडेला सुरक्षेसाठी उभा असतो तो), दोघं गेले. त्यानंतर फॉर्म्युला वन गाड्यांना अधिकृत वेळ लावणं बंद केलं. मला ते योग्यच वाटतं. झाडं इतकी जवळ आहेत तिथे की त्या गाडीला जोर लावायला लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. तेव्हा ते डोनट, म्हणजे गाडी जागच्या जागी गरागरा फिरवणं, बघून नाराज होऊ नकोस.

आता बाबांचं. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

तेहतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला तू कुठे नेतोयस हा विचार कर. स्कॉटलंड सुंदर आहे, जरूर दाखवा, पण तिथे ते गाडीच्या मागच्या सीटवर बसून खिडकीतून डोंगर बघणार, तुम्ही दोघं सांगणार हे अमुक तळं ते तमुक किल्ला, आणि ते "छान आहे हो" म्हणणार. परदेशात मुलाकडे आलेल्या आईवडिलांचं सगळं असंच असतं, सगळं आपण त्यांना समजावून सांगत असतो, बस कशी पकडायची, कार्ड कसं लावायचं, दुकानात काय बोलायचं. दिवसभर मान हलवत राहतात बिचारे. गुडवूडच्या पॅडॉकमध्ये मात्र समजावून सांगणारे ते असतील आणि ऐकणारा तू.

पॅडॉक म्हणजे चढाच्या रस्त्यावर नाही म्हणत मी, गाड्या जिथे उभ्या असतात ती जागा. तू पत्रात पॅडॉकचा एका शब्दानेही उल्लेख केला नाहीस, याचं मला आश्चर्य वाटलं. साध्या तिकिटावर तिथे जाता येतं, आणि तीच एक गोष्ट मला अजून १९९३ च्या कल्पनेसारखी वाटते. दोरीच्या पलीकडे हातभर अंतरावर शंभर वर्षांची रेसिंग गाडी, बॉनेट उघडं, आणि खाली चादर टाकून आडवा झालेला एक माणूस.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. सकाळची वेळ, फार गर्दी नव्हती, जुन्या बुगाटीपाशी एक वयस्कर मेकॅनिक आठ सिलेंडरचे आठ स्पार्क प्लग काढून एका लाकडी ठोकळ्यात ओळीने लावत होता, ठोकळ्याला भोकं पाडलेली, प्रत्येक भोकाखाली पेन्सिलने नंबर. मी बराच वेळ बघत उभा होतो ते त्याने पाहिलं आणि काही न विचारता ठोकळा माझ्यासमोर धरला. सात प्लग दुधाच्या चहासारखे तपकिरी आणि एक काळा, काजळी धरलेला. त्याने काळ्यावर बोट ठेवलं, मग इंजिनाच्या त्या सिलेंडरकडे बोट केलं आणि मान हलवली, बस. एकही शब्द नाही. तपकिरी म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बरोबर, काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय किंवा तेल वर चढतंय. मला तेव्हा एवढंच कळलं, पण माझ्या शेजारी एक गृहस्थ होते ते लगेच वाकले, त्यांनी प्लग नाकाजवळ नेला, वास घेतला, आणि मेकॅनिककडे बघून हाताने वर चढण्याची खूण केली, म्हणजे तेल. दोघं हसले. पुढची वीस मिनिटं ते दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून होते, आणि त्या गृहस्थांचं इंग्रजी फार काही नव्हतं हे मला नंतर त्यांच्याशी बोलताना कळलं.

तुझे बाबा डिझेलवाले, तिथे स्पार्क प्लग नसतातच, त्यामुळे त्यांना प्लगचं कौतुक नसेल. पण कान तर आहे ना त्यांचा तोच. तेहतीस वर्षं गाडी डेपोच्या आत शिरायच्या आधी आवाजावरून कुठला बेअरिंग गेलाय ते सांगणारे लोक असतात ते, मी पाहिलेत. जुनं इंजिन चालू करताना बघ, आधी हळूच इंजिन नुसतं फिरवून बघतात, तेल सगळीकडे पोचू देतात, मग पहिला फटाका, मग दोन चुकलेले, मग हळूहळू सगळे सिलेंडर जागे होतात. आणि दहाबारा वर्षांपूर्वीच्या नव्हे, त्याही आधीच्या व्ही१० (दहा सिलेंडरच्या) फॉर्म्युला वनचं तर आणखी वेगळं, ते इंजिन थंड असताना चालूच करता येत नाही, आतली फट इतकी बारीक असते की बाहेरच्या मशीनने आधी गरम पाणी फिरवून त्याला तापवावं लागतं. चार पोरं भोवती उभी, लॅपटॉप जोडलेला, आणि एकदम तो आवाज. छातीत बसतो. बाबांसाठी आणि तुझ्यासाठी कानाला लावायचे मफ घेऊनच जा, कापसाचे बोळे पुरत नाहीत.

वासाचं सांगायचं राहिलं. जुन्या रेसिंग गाड्यांत अजूनही बरेच जण एरंडेलापासून केलेलं तेल घालतात, पूर्वी तेच वापरायचे, तापलं तरी पातळ पडून दगा देत नाही म्हणून. ते जळताना एक गोडसर वास येतो, पॅडॉकभर पसरतो. बाबांच्या पिढीला लहानपणी महिन्यातून एकदा नाक दाबून एरंडेल पाजलेलं असतं, त्यांना सांग की हा वास त्याचाच आहे, आणि मग त्यांचा चेहरा बघ. हे युट्यूबवर येत नाही, हे बायकोलाही सांग.

फिएटची एस७६ आली असेल त्या वर्षी, तर मग काय बोलायलाच नको. १९११ ची गाडी, चार सिलेंडर, आणि २८.४ लिटर. चार सिलेंडरमध्ये. म्हणजे एकेका सिलेंडरमध्ये सात लिटर, आपल्या बसच्या आख्ख्या इंजिनाची क्षमता मावेल एकात. मागच्या चाकांना चेन आहे, सायकलसारखी उघडी, आणि बाजूने जाळ निघतो. अनेक वर्षं खटपट करून तिला परत जिवंत केली आणि २०१५ ला गुडवूडच्या चढावर आणली. दर वर्षी येतेच असं नाही, आधी यादी बघ.

आता दिवस कुठला. गुरुवार, नाही जमलं तर शुक्रवार. गुरुवारचं तिकीट चारांत सगळ्यात स्वस्त असतं, गर्दी त्यातल्या त्यात कमी. मोठे ड्रायव्हर आणि हल्लीच्या फॉर्म्युला वन टीम शक्यतो नंतरच्या दिवसांत येतात, शनिवारी पात्रता आणि रविवारी शूटआउटची, म्हणजे सगळ्यात जलद कोण चढतं त्या स्पर्धेची, फायनल असते, ते सगळं हुकेल. हुकू दे, रविवारी घरी बसून तिघं मिळून लाइव्ह बघा, गुरुवारी ज्या गाडीला जवळून पाहिलं ती रविवारी चढताना बघायला बाबांना जास्त मजा येईल. तिकीट गेटवर मिळत नाही, आधीच काढावं लागतं, त्यामुळे बाबांची तारीख नक्की झाली की लगेच घे. आणि २०२३ चा राग सोडून दे. चाळीस पन्नास मैलांचा वारा असताना ते तंबू, ते उंच तात्पुरते स्टँड, त्याखाली लोक, रद्द केला हेच बरं झालं.

गुडघ्यांचं मात्र हलक्यात घेऊ नकोस, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. पार्किंग म्हणजे शेतं आहेत, तिथून गेटपर्यंतच बरंच चालायला लागतं, तेही गवतातून, पाऊस पडला असेल तर चिखलातून, आणि जमीन सपाट नाही, हिलक्लाइंबच्या नावातच हिल आहे. चालायला त्रास असलेल्यांसाठी वेगळं पार्किंग आणि बघायला वेगळे प्लॅटफॉर्म असतात, त्याबद्दल तिकीट काढायच्या आधीच त्यांना लिहून विचार, त्या दिवशी गेटवर जाऊन विनवण्या करत बसू नकोस. एक घडीचं स्टूल घे, पाठ टेकता येईल असं. बूट मजबूत. बाबा "मला काही होत नाही" म्हणतील, ऐकू नकोस.

सकाळी गेट उघडायच्या वेळेला पोच, म्हणजे रेडिंगहून पहाटेच निघ, चिचेस्टरच्या बाजूचे छोटे रस्ते त्या चार दिवसांत भरून जातात. आत गेल्यावर स्टँड, दुकानं, कशातही न अडकता थेट पॅडॉक. सकाळचे दोन तीन तास तिथेच घालवा, गाड्या तेव्हा तयार होत असतात आणि मेकॅनिकना बोलायला वेळ असतो, अकरानंतर दोरीला गर्दी लागते. दुपारी घरासमोरचं ते मोठं शिल्प बघा, जेरी जुडा १९९७ पासून दर वर्षी नवीन करतात, लोखंडाचं, आकाशात गेलेलं, त्याला टोकाला खऱ्या गाड्या लावलेल्या. सगळे लोक वरच्या गाड्यांचे फोटो काढतात, बाबा खालचं वेल्डिंग बघतील असं मला वाटतं, बघू दे निवांत.

चढ बघायचाच तर थोडे पैसे टाकून ग्रँडस्टँडचा पास घे, एकाच जागेचा नको, कुठल्याही स्टँडवर बसू देतात तो फिरता मिळतो, म्हणजे उभं राहायला नको. आणि एक गोष्ट जी अर्ध्या लोकांना माहीतच नसते. एक बॅच वर गेली की त्या सगळ्या गाड्या वर थांबतात आणि मग एकत्र रांगेने खाली परत येतात, हळू, इंजिन गुरगुरत, ड्रायव्हर हात दाखवत. लोक तोपर्यंत उठून खायला गेलेले असतात. तुम्ही उठू नका. वर जाताना जी गाडी दोन सेकंद दिसली ती खाली येताना नीट, समोरून, ओळख झाल्यासारखी दिसते.

वरच्या जंगलातली रॅली स्टेज यंदा सोड. मला स्वतःला ती फार आवडते, हान्नू मिक्कोलाने आखलेली आहे, पण ती पार टेकडीच्या टोकाला आहे आणि बाबांच्या गुडघ्यांना ती परत येताना महागात पडेल.

आता तुझं जे राहिलं ते. तुला २००९ सारखं काही हवं असेल, गाडी जवळून जातेय आणि पुढे कुणाची पाठ नाही असं, तर ते गुडवूडला शोधू नकोस. वूस्टरशरमध्ये शेल्सली वॉल्श आहे, १९०५ पासून त्याच चढावर गाड्या चढतायत, हजार यार्डांचा छोटासा रस्ता, तिथे लोक गाडी स्वतः चालवत घेऊन येतात, स्पर्धा करतात आणि संध्याकाळी तीच गाडी घेऊन घरी जातात. ग्लॉस्टरशरमध्ये प्रेस्कॉट आहे, बुगाटी ओनर्स क्लबचं. तिकीट गुडवूडच्या मानाने किती तरी कमी. आणि खऱ्या रेस बघायच्या तर सप्टेंबरमध्ये गुडवूडच्याच जुन्या सर्किटवर रिव्हायव्हल असतं, १९६६ पर्यंतच्या गाड्या, आणि कोट्यवधींच्या त्या गाड्या एकमेकींना घासत पळवतात, मनापासून. लोक जुन्या काळचे कपडे घालून येतात, फार छान वाटतं ते. बाबा तोपर्यंत राहणार असतील तर तेही बघ, सर्किटची जमीन सपाट आहे, गुडघ्यांना तेच सोपं. त्याच सर्किटवर अधूनमधून रविवारी सकाळी ब्रेकफास्ट क्लब भरतो, लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात, फक्त आधी नाव नोंदवायचं. बाबा आल्या आल्या झेपेल का हे बघायला आधी तिथे अर्धा दिवस ने, चालणं किती जमतंय तेही कळेल आणि मग जुलैच्या फेस्टिव्हलचं ठरव.

स्कॉटलंडचं म्हणशील तर दोन्ही करा रे, गुरुवारच्या दोन तिकिटांत काही स्कॉटलंड बुडत नाही. बायकोला गाड्यांत रस नसेल तर तिला ओढत नेऊ नकोस, तुम्ही दोघंच जा, बाप आणि मुलगा. पॅडॉकमध्ये बाबा एखाद्या गाडीपाशी थांबले की तू पुढे जायची घाई करू नकोस, वेळापत्रक हातात घेऊन तर मुळीच नको, त्यांच्या शेजारी स्टूल उघडून ठेव आणि ते काय सांगतायत ते ऐक. कुठल्या गाडीपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते मला नक्की कळव.